निरवांगीच्या लसडब्याची कैफियत

मी एक जुना लशीचा डबा आहे. निळा, जाड भिंतींचा, कडी तुटली म्हणून सुतळी बांधलेला. पोटात बर्फाच्या पिशव्या घ्यायच्या आणि लशीच्या बाटल्या गार ठेवायच्या, एवढंच मला येतं. पण तेवढं मी मन लावून करतो, मित्रांनो.

कारखान्यातून निघालो तो निरवांगीच्या तरुण मंडळात आलो. ही पोरं हौसेनं जनावरांची सेवा करायची. गोचीड काढायची, वासरं धरायची, गुरांचे डॉक्टर आले की त्यांच्यासोबत वस्त्या पालथ्या घालायची. वृषाली मंडळात आली तेव्हा अकरा वर्षांची होती. पहिल्याच दिवशी एका कालवडीनं तिला शेणात लोळवलं, तरी तिनं कासरा सोडला नाही. पुढं मंडळानं मला तिच्याच ताब्यात दिलं. बेंदराला पोरांनी बैलांबरोबर मलाही गुलाल लावला. मी जरा फुगलो होतो, हे कबूल करतो.

मग गावात गुरांच्या लम्पी आजाराची साथ आली. लसीकरणाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. वृषाली गोठ्यात गाय धरायला गेली, तेवढ्यात मंडळाचा अध्यक्ष गोकुळ यानं माझ्यातल्या बर्फाच्या पिशव्या काढून पोरांच्या सरबताच्या पातेल्यात टाकल्या. "डबा गारच हाय की," म्हणाला. दोन तासांनी वृषालीनं झाकण उघडून बाटलीला हात लावला. बाटली कोमट होती.

"गोकुळदादा, ही टाकून द्यावी लागंल," ती म्हणाली.

"अगं, कुशाबाईची वस्ती तेवढी राह्यलीय. नवी लस यायला चार दिवस लागत्याल. एवढ्यानं काय हुतंय?"

कुशाबाई म्हातारी, एकटी. एका गाईच्या दुधावर तिचं घर चालायचं. सकाळपासून टोचून टोचून डॉक्टर थकले होते. सुई भरताना त्यांनी विचारलं, "लस गार आहे ना गं?"

वृषालीनं गोकुळकडं पाहिलं. "व्हय," म्हणाली.

तिच्या शब्दावर डॉक्टरांचा भरवसा होता. मला तोंड आहे ते झाकणापुरतं, नाहीतर मी ओरडलो असतो.

महिना झाला नाही तोच कुशाबाईच्या गाईच्या अंगावर गाठी आल्या. वृषाली औषधं भरून मला काखोटीला मारायची आणि रोज वस्तीवर जायची. आठव्या दिवशी गाय गेली. बांधाकडं खड्डा खणत होते, तेव्हा वृषाली कुशाबाईपाशी बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

म्हातारीनं गाईचं रिकामं दावं गुंडाळून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तवाच सांगायचं हुतंस, बाय. मी तिला दारातनं हलवली नसती. टोचलीय म्हणून तर समद्यांच्या गुरांत चरायला सोडली."

 

मित्रांनो, मला धुवा, कोरडं ठेवा, माझा बर्फ कुणाला देऊ नका. आणि बर्फ गेलाच तर तोंड उघडून सांगा, मग समोर कुणी का असेना. नवी लस चार दिवसांत आलीच होती. कुशाबाईचा गोठा मात्र अजून रिकामा आहे.