कॉफीचा एक घोटसुद्धा

हिल्मी दिझदारीने कानाला लावायचं भाषांतराचं यंत्र उचललं, त्याची वायर नीट गुंडाळली आणि शिपायाच्या हातात परत दिली.

"हे नको. तुमची भाषा मला येते," तो इटालियनमध्ये म्हणाला. "तुमच्याच टीव्हीने शिकवली. आमच्या सरकारची बंदी होती, तेव्हा आम्ही छपरावर चढून अँटेनाच्या तारेला पातेली बांधायचो आणि तुमची गाणी ऐकायचो. साबणाच्या जाहिरातीसुद्धा पाठ करायचो. इतका साबण तेव्हा सगळ्या अल्बेनियात नव्हता!"

मागच्या बाकांवरचे पत्रकार हसले. रोमच्या संसदेतल्या त्या दालनात लाकडाला लावलेल्या पॉलिशचा वास होता आणि हिल्मीसमोर एक पाण्याचा ग्लास. तो त्याने मुद्दाम दूर सरकवला. ज्याच्या तोंडाला कोरड पडते त्यानेच पाणी प्यावं.

खरं तर त्याने यायलाच हवं असं नव्हतं. परक्या देशाच्या चौकशी समितीला त्याला ओढून आणता येत नव्हतं. वकील म्हणाला होता, पत्र पाठवून मोकळे व्हा. हिल्मी म्हणाला, पत्र काय, मीच जातो. आपल्या गावात, श्कोदरच्या प्रत्येक कॅफेत टीव्ही लागला असणार, हा हिशेब त्याने विमानाचं तिकीट काढायच्या आधीच मांडून ठेवला होता.

समितीला एवढंच हवं होतं की श्कोदरच्या पाणीशुद्धीकरण केंद्रासाठी इटलीने दिलेली मदत गेली कुठे. केंद्राच्या जागी एक फाटक उभं होतं आणि फाटकाला कुलूप होतं. हिल्मी तेव्हा मंत्री होता. कंत्राट पाश्क जेलोशी नावाच्या माणसाच्या कंपनीला मिळालं होतं. तो पाश्क आता इटलीतच, बारी शहराच्या तुरुंगात होता.

समितीच्या अध्यक्षा सार्तोरीबाई वयस्क होत्या. आवाज चढवत नव्हत्या, त्यामुळे त्यांच्याशी भांडायची पंचाईत होत होती.

"केंद्र का बांधलं गेलं नाही, दिझदारीसाहेब?"

"बाईसाहेब, तुमच्या लोकांनी आमच्या किनाऱ्यावर येऊन काय काय बांधलं आणि काय काय नेलं, ते आधी काढायचं का? मी तयार आहे. जेवणाचे डबे मागवा, वेळ लागेल."

पुन्हा हसू. एक तरुण सदस्य लाल झाला. हिल्मीला आतून ऊब आली. या क्षणी श्कोदरच्या बाजारात कुणी तरी मांडीवर थाप मारत असणार.

"आपण पाश्क जेलोशींना ओळखता का?"

वकिलाने या प्रश्नाचं उत्तर घोकून घेतलं होतं : आठवत नाही. पण 'आठवत नाही' हे म्हाताऱ्यांचं आणि चोरांचं उत्तर, असं हिल्मीचं मत होतं. शिवाय दालन त्याच्या मुठीत होतं. चालत्या गाडीला ब्रेक कोण लावतो?

"या माणसाशी माझा काडीचा संबंध नाही," तो म्हणाला, आणि ते त्याला थोडकं वाटलं म्हणून पुढे म्हणाला, "या माणसाबरोबर मी आयुष्यात कॉफीचा एक घोटसुद्धा घेतलेला नाही."

रोममध्ये कॉफी म्हणजे उभ्या उभ्या घशात ओतायची गोष्ट. कुणी मान वर केली नाही. श्कोदरमध्ये हे वाक्य असं स्वस्तात जात नाही. ज्याच्याबरोबर कॉफी घेतली नाही, तो आपल्या लेखी जन्मलेलाच नसतो. आणि पाश्क जेलोशीने तर हिल्मीच्या मुलीचं जावळ काढलं होतं. मुसलमानाच्या लेकराचं जावळ कॅथलिक धर्मबापाने काढायचं, ही तिथली जुनी रीत. कापलेले केस रुमालात बांधून धर्मबापाच्या घरी राहतात आणि त्या दिवसापासून ती दोन घरं एक होतात. रक्ताचं नातं कोर्टात तुटतं, हे तुटत नाही. हिल्मीने सांगितलं तिथे पाश्कने सही केली होती, कागद न वाचता. जावळाच्या नात्यात कागद वाचणं हा अपमान असतो.

सार्तोरीबाईंनी चष्मा काढला.

"आभारी आहे. हाच प्रश्न आम्ही जेलोशींनाही आपल्याबद्दल विचारला होता. ते इतके महिने दुसरं काहीच बोललेले नाहीत. एवढंच म्हणाले, त्यालाच विचारा. तो सांगेल ते खरं धरा." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "तेव्हा आम्ही तसं धरतो. याचा अर्थ सगळी जबाबदारी त्यांची एकट्याची. आपण जाऊ शकता."

काही तरी सणसणीत बोलायला हिल्मीने तोंड उघडलं. मग हात लांब करून त्याने तो ग्लास जवळ ओढला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

\*

विमानतळावर ढोल होते. श्कोदरच्या वेशीपासून घरापर्यंत सायकलवाल्यांनी घंट्या वाजवत सोबत केली. कोपऱ्यावरच्या कॅफेवाल्या रुझदीने गाडी अडवून त्याला मिठी मारली.

"काय धुतलंस, हिल्मीभाऊ! पिळून वाळत घातलंस त्यांना! ते पातेल्यांचं ऐकून माझी म्हातारी रडली."

"मग? आपण काय ऐकून घेणार?"

"छे! आजपासून तुझी कॉफी माझ्याकडून," रुझदी म्हणाला. मग त्याने उगाचच खांद्यावरचं फडकं झटकलं. "राकी म्हण. राकी माझ्याकडून."

त्या आठवड्यात हिल्मीला पुष्कळ राकी मिळाली, घरोघरी गाळलेली द्राक्षांची दारू. अभिनंदनं झाली, खांदे थोपटले गेले, दोन बोकड दारात आले. कॉफीचं नाव मात्र त्याच्यासमोर कुणी काढलं नाही. लोक इतके सभ्य असल्याचा त्याला पहिल्यांदाच त्रास झाला.

घरी मुलगी झमीरा होती आणि तिचा दोन वर्षांचा द्रिन. नवरा जर्मनीत. द्रिनचे केस कानांखाली आले होते. लोक त्याला मुलगी समजून गाल ओढत. पाश्क सुटून येईपर्यंत थांबू, असं म्हणत झमीराने जावळ लांबवलं होतं.

"टीव्हीवर टाय छान दिसत होता, बाबा," तिने जेवताना सांगितलं. रोमबद्दल ती एवढंच बोलली.

"रविवारी द्रिनचं जावळ उरकून टाकू," हिल्मी ताटात बघत म्हणाला. "पक्षप्रमुख स्वतः येतायत. टीव्हीवालेही येतील."

"धर्मबाप कोण?"

"सांगितलं ना? पक्षप्रमुख."

"आपलं जावळाचं घर आहे, बाबा. पाश्ककाका नसले तर दिलाकाकू आहेत. कात्री तर त्यांनाही धरता येते."

"झमीरा, दिवस कसले आहेत ते बघ."

"बघतेय," ती म्हणाली आणि द्रिनच्या तोंडातला पावाचा तुकडा काढून लहान करून पुन्हा त्याला दिला. "रविवारी ना? बरं."

एवढ्या लवकर ती 'बरं' म्हणाली, याचाच हिल्मीला संशय यायला हवा होता. पण सोयीच्या गोष्टीची तपासणी तो कधी करत नसे.

रविवारी बैठकीची खोली भरली. नगरपालिकेचे लोक आले, चुलते-मामे आले, रुझदी नव्या कोटात आला. कॅमेरावाल्याने खिडकीजवळ दिवे मांडून ठेवले. शेगडीजवळची मानाची जागा पक्षप्रमुखांसाठी मोकळी ठेवली होती. त्यांचा फोन आला होता, पुलापाशी गर्दीत अडकलोय. हिल्मीने स्वतः पितळी भांड्यात कॉफी चढवली. धर्मबापाच्या घरच्या माणसाला कॉफी घरातल्या कर्त्याने आपल्या हाताने करून द्यायची, आणि कप काठोकाठ भरायचा.

"झमीरा कुठे आहे?" मामाने विचारलं.

"पोराला सजवत असेल."

तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं. झमीरा आत आली, ती रस्त्यावरून. कडेवर द्रिन, त्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी. मागोमाग एक उंच बाई आली, साधा तपकिरी कोट घातलेली. पाश्कची बायको दिला.

झमीराने द्रिनला खाली ठेवलं आणि त्याची टोपी काढली. कान उघडे, मान उघडी. दोन वर्षांचं पोर एकदम एखाद्या छोट्या सरकारी कारकुनासारखं दिसायला लागलं. ते सगळ्यांकडे बघून हसलं.

"मुबारक असो," दिला म्हणाली. "लेकरू रडलं नाही. झमीराही तेव्हा रडली नव्हती." तिच्या हातात गाठ मारलेला पांढरा रुमाल होता.

मुबारक असो, मुबारक असो, असं दोन-तीन जण पुटपुटले आणि हिल्मीकडे बघू लागले. कॅमेरावाला कामाचा माणूस होता. तो हळूच म्हणाला,

"काही बिघडत नाही, साहेब. टोपी पुन्हा चढवा डोक्यावर. पक्षप्रमुखांनी कात्री नुसती धरली तरी चित्र येतं."

"हो, तसं जमेल," नगरपालिकेच्या माणसाने मान डोलावली.

दिला मानाच्या जागेकडे गेली नाही. दाराजवळच्या खुर्चीच्या टोकावर बसली, नात्यातल्या घरी नव्हे तर दवाखान्यात बसल्यासारखी. शेगडीवर फेस वर आला. हिल्मीने भांडं उतरवलं, कप काठोकाठ भरला आणि बशीत ठेवून तिच्यासमोर नेला. इतक्या सभा त्याने गाजवल्या होत्या; ही खोली ओलांडताना मात्र त्याला आपले पाय मोठे वाटले.

"घे, दिला."

तिने कपाकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. असता तर हिल्मीला बरं झालं असतं. रागाला कसं उत्तर द्यायचं ते त्याला येत होतं.

"नको, हिल्मीभाऊ," ती म्हणाली. "तुम्ही एवढ्या लोकांसमोर सांगून आलात, एक घोटसुद्धा नाही म्हणून. पाश्कने मला फोनवर सांगितलंय, हिल्मी बोलला ते आता खरं धरायचं. मग आपणच ते खोटं कशाला पाडायचं?"

कुणी तरी खोकलं. रुझदी आपल्या बुटांकडे बघत होता.

दिलाने रुमाल कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, द्रिनच्या केस कापलेल्या डोक्यावर ओठ टेकवले, झमीराच्या गालाला हात लावला आणि ती गेली. दार तिने हळू ओढलं.

बाहेर हॉर्न वाजला.

"पक्षप्रमुख आले!" कुणी तरी सुटका झाल्यासारखं ओरडलं. कॅमेरावाल्याने दिवे लावले. "टोपी, टोपी घाला पोराला!"

झमीराने टोपी उचलली नाही. तिने बापाच्या हातातला कप घ्यायला हात पुढे केला.

"द्या, बाबा. मी ठेवते आत."

हिल्मीने कप दिला नाही. तो वळला आणि कपबशी दोन्ही हातांनी धरून दाराबाहेर पडला. अंगणात पक्षप्रमुख गाडीतून उतरत होते. "कुठे आहे आमचा रोमचा वाघ!" म्हणत त्यांनी हात पुढे केला. हिल्मीचे दोन्ही हात गुंतलेले होते. त्याने मानेनेच काही तरी सांगितलं आणि तो फाटकातून गल्लीत आला.

समोरच्या खिडक्यांत बायका होत्या. सायकलवाले पाय टेकून थांबले. गल्लीच्या टोकाला तपकिरी कोट वळणाजवळ पोचला होता. दिला मागे बघत नव्हती, भराभर चालत होती. हाक मारायची तर कोणत्या तोंडाने मारायची, हे त्याला समजेना.

त्याला घाई करायला हवी होती. पण कप काठोकाठ भरलेला होता, आणि त्यातला घोटभरही सांडू नये म्हणून हिल्मी एकेक पाऊल सांभाळून टाकत चालला होता.