रुळांच्या अलीकडे, रुळांच्या पलीकडे

मित्रांनो, माझ्या अंगावरून कधी मोटार गेली नाही. मी नुसता पावलांचा पूल आहे, लोखंडी, जुना, गुडघ्यांत गंज धरलेला. कॅल्डर फॉल्स नावाच्या गावात, मालगाडीच्या रुळांवर, दोन्हीकडे जिने सोडून मी उभा आहे. एक जिना खालच्या वस्तीत उतरतो. दुसरा उतरतो टेकडीच्या पायथ्याशी, आणि टेकडीवर शाळा आहे.

माझा जन्म आयांच्या हट्टातून झाला. तेव्हा खालच्या वस्तीत काचेच्या बाटल्यांचा कारखाना होता आणि साऱ्या गावाला शाळा एकच. मालगाडी मधेच थांबली की मुलं डब्यांखालून रांगत पलीकडे जात. दप्तर आधी सरकवायचं, मग स्वतः सरकायचं. एका सकाळी गाडी हलली आणि एक दप्तर चाकाखाली सापडलं. मूल वाचलं. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या आया घरातल्या खुर्च्या घेऊन आल्या आणि रुळांवर मांडून बसल्या. कुणी विणकाम आणलं होतं, कुणी थर्मासमधून कॉफी. गाडी भोंगे वाजवत राहिली, त्या विणत राहिल्या. पूल कबूल झाला तेव्हाच खुर्च्या उचलल्या गेल्या.

मग काय सांगू तुम्हाला, माझे दिवस कसे गेले! सकाळी पावलं चढायची, दुपारी पावलं उतरायची. मुली माझ्या फळ्यांवर दोन दोऱ्या फिरवून उड्या मारायच्या आणि गायच्या:

पूल रे पूल, उंच उंच पूल,
पाठीवर दप्तर, दप्तरात फूल,
गाडी जाते खालून, वारा देते गालाला,
चल गं चल लवकर, घंटा झाली शाळेला.

मला गाता येत नाही. पण त्यांच्या उड्यांनी माझ्या फळ्या थरथरत, तेच माझं गाणं.

त्या मुलींत एक व्हर्नेल होती. बारीक चणीची, काळीसावळी, हातात क्लॅरिनेटची पेटी. पेटी जड आणि ती लहान, त्यामुळे प्रत्येक पायरीवर ती पेटी आपटायची. मी डोळे मिटूनही ओळखायचो, व्हर्नेल आली.

पुढे कारखाना बंद पडला. टेकडीवर नवी घरं झाली, शाळा भरून गेली. शाळा मंडळानं खालच्या वस्तीत दुसरी शाळा काढली आणि कुठल्या घरातलं मूल कुठल्या शाळेत जाईल याची हद्द आखायला नकाशा उघडला. नकाशावर रूळ ठळक काळे दिसतात. कुणीतरी म्हणालं, मुलांनी रूळ ओलांडणं धोक्याचं आहे, रूळ हीच हद्द करू. सगळ्यांना पटलं. मुलांच्या जिवाची काळजी म्हणून रेघ ओढली गेली. मी त्याच काळजीपायी उभा होतो, पण त्या नकाशावर मी काढलेलाच नव्हता.

त्या वर्षी सप्टेंबर आला आणि पावलं आली नाहीत. मी वाट पाहिली. मित्रांनो, लोखंडाला वाट पाहण्यावाचून दुसरं काय येतं? रंग उडाला, फळ्या फुगल्या. कुत्री फिरवणारे, कामावर जाणारे, रागावून घराबाहेर पडलेले, एवढेच लोक यायचे. ज्यांच्यासाठी मी झालो ती मुलं जिन्याखालून जायची, वर न बघता.

अशी वर्षांवर वर्षं गेली. मग एका दुपारी ओळखीचं पाऊल चढलं. जड झालेलं, कठडा धरत आलेलं, पण तेच. केस पांढरे झालेल्या व्हर्नेलचा हात धरून एक मुलगी आली होती, तिची नात सेला. माझ्या मधोमध उभी राहून सेला टेकडीकडे कान लावून ऐकू लागली. वरच्या शाळेत वाद्यवृंदाचा सराव चालला होता. खालच्या शाळेत संगीताची खोली होती, पण तिचं छत गळू लागलं आणि तिथे मोडकी बाकं रचली गेली. मुलं मावेनात म्हणून मैदानात चाकांवरच्या पत्र्याच्या खोल्या आणून ठेवल्या होत्या. वर मात्र आता बाकं रिकामी राहत होती.

"आजी, तू तिथे वाजवायचीस?"

"तिथेच. दुसऱ्या रांगेत. आणि चुकायचेसुद्धा दुसऱ्या रांगेतच."

"मला कधी घेतील?"

"पाचवीपासून घेतात," व्हर्नेल म्हणाली, आणि तिचा हात धरून परत फिरली. सेला तेव्हा चौथीत होती. ती रोज दुपारी येऊ लागली. जाळीत बोटं अडकवून उभी राहायची, ओठ मिटून, बोटं हलवत. जाळीवर ती काय वाजवायची ते फक्त मला कळायचं.

त्याच हिवाळ्यात मंडळानं हद्द बदलायचं काढलं. रुळांलगतच्या वस्तीतली मुलं टेकडीवरच्या शाळेत घ्यायची आणि टेकडीच्या पायथ्याच्या काही गल्ल्या खालच्या शाळेला जोडायच्या, म्हणजे दोन्ही शाळांत सगळ्या घरांची मुलं बसतील, दोन्ही छपरांकडे सगळे बघतील. गाव पेटून उठलं. अंगणाअंगणात पाट्या रोवल्या गेल्या. आमच्याकडे काही सांगायचं असलं की पोरं तारेच्या जाळीत प्लास्टिकचे पेले खोचून अक्षरं काढतात. एका सकाळी माझ्या जाळीवर पांढऱ्या पेल्यांनी लिहिलेलं होतं, 'आमची शाळा वाचवा'. दुसऱ्या सकाळी त्याच्याखाली लाल पेले आले: 'आमची पण'. वारा सुटला की दोन्हीकडचे पेले रुळांवर पडायचे आणि मालगाडी भेदभाव न करता सगळे चिरडून जायची.

एका शनिवारी मंडळाचे अध्यक्ष फेनविक मुलांच्या येण्याजाण्याची वाट स्वतः तपासायला आले. मागे टेकडीची माणसं, पुढे वस्तीची, हातात वाफाळती कॉफी. सगळे माझ्यावर गोळा झाले. इतकी पावलं एकदम अंगावर आल्याला किती काळ लोटला होता! मला भरून आलं.

फेनविकनी टाच आपटून पाहिली. "अहो, हे बघा. खडखडतोय. यावरून लहान मुलं आणायची?"

"साहेब, तुम्ही नाचताय म्हणून खडखडतोय," वस्तीतला म्हातारा न्हावी ओटिस म्हणाला. लोक हसले. "चार फळ्या बदला, रंग द्या. त्याला काही झालेलं नाही. त्याला कुणी विचारलेलं नाही, एवढंच."

मग ब्रिजिट पुढे आली. पायथ्याच्या गल्लीत राहणारी, दिवसा दवाखान्यात आणि संध्याकाळी दुकानात राबणारी बाई. मुलगा वरच्या शाळेत, धाकटी टेस अजून शाळेत जायची होती. "मिस व्हर्नेल, तुमच्या नातीचं भलं व्हावं, मला का नको वाटेल? पण आम्ही ते घर घेतलं या शाळेसाठी. माझ्या पोरांना मागे ढकलून कशाला?"

"मागे म्हणजे कुठे गं?" व्हर्नेल म्हणाली. "माझ्या घराकडे?"

ब्रिजिट लाल झाली. "मला तसं नव्हतं म्हणायचं."

"तसंच म्हणायचं होतं. म्हण की. मंडळाच्या मीटिंगमध्ये बोलायला दोन मिनिटं देतात आणि घंटी वाजवतात, इथे कोणी वाजवत नाही."

"बरं, म्हणते! त्या शाळेत छत गळतं, वाद्यं नाहीत, दर वर्षी मास्तर बदलतात. तुम्हीच सांगता ना सगळं? मग तिथे मी माझी मुलगी पाठवू?"

"मी माझी रोज पाठवते," व्हर्नेल म्हणाली.

तेवढ्यात खालून मालगाडी आली. ती जाईपर्यंत कुणालाच बोलता येईना. लांबलचक गाडी. सगळे आपापल्या पेल्यात बघत उभे राहिले. ब्रिजिटनं एकदा व्हर्नेलकडे पाहिलं, मग नजर रुळांकडे वळवली.

गाडी गेल्यावर पहिला आवाज सेलाचा झाला. ती फेनविकना विचारत होती, "मी पाचवीत जायच्या आत होईल का हो?"

"आम्ही नक्की विचार करू, बेटा," ते म्हणाले. मोठी माणसं असं कधी म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

वसंतात निकाल लागला. मी सभेला जाऊ शकत नाही, पण वस्तीत मोटारींचे भोंगे वाजले तेव्हा मला समजलं की रेघ हलली. मी थरारलो. सेला येणार! पेटी आपटत येणार!

संध्याकाळी आजी-नात वर आल्या. व्हर्नेल तिला सांगत होती, हळूहळू, कठड्यावर हात फिरवत. भांडण मिटावं म्हणून मंडळानं मधला मार्ग काढला होता. आज जे मूल ज्या शाळेत आहे ते तिथेच राहील. नवी हद्द पहिल्यांदाच शाळेत पाऊल टाकणाऱ्यांसाठी.

"म्हणजे एमॉस जाईल," सेला म्हणाली. एमॉस तिचा धाकटा भाऊ.

"हो, एमॉस जाईल."

"आणि मी?"

"नाही गं राणी."

"मग आपण जिंकलो असं सगळे का म्हणतायत?"

व्हर्नेलनं तिला जवळ ओढलं. सेलानं अंग ताठच ठेवलं. मी एवढं लोखंड बाळगून आहे, मित्रांनो, पण त्या पोरीच्या ताठ अंगासारखं जड काही मी उचललेलं नाही.

उन्हाळ्यात मला नव्या फळ्या लागल्या, निळा रंग लागला. मी सजलो आणि मला त्याची लाजही वाटली. सप्टेंबरात पावलं आली, लहान लहान, नव्या बुटांची, वर बघत चढणारी. सेला रोज एमॉसचा हात धरून त्याला पलीकडच्या जिन्यापर्यंत आणी, त्याची कानटोपी नीट करी, तो टेकडी चढेपर्यंत थांबे आणि आपल्या शाळेसाठी उलट फिरे. खालच्या संगीताच्या खोलीचं छत त्या वर्षी दुरुस्त झालं. वाद्यं पुढच्या वर्षी येतील असं सांगतात. पुढच्या वर्षी सेला सहावीत असेल.

ब्रिजिट टेसला खालच्या शाळेत मोटारीतून नेत असे, लांबचा फेरा घालून, माझ्याकडे न बघता. मग एका कडक थंडीच्या सकाळी तिची मोटार सुरू होईना. ती टेसला घेऊन धापा टाकत जिन्याशी आली. सेला एमॉसला सोडून परत निघाली होती. ब्रिजिट क्षणभर घुटमळली.

"सेला, तू खालीच चाललीस ना? जरा हिला नेतेस का गं?"

सेलानं तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आपला एक हातमोजा काढून टेसला घातला आणि हात पुढे केला, कारण टेसनं आपला एक हातमोजा कुठेतरी हरवला होता.

दोघी माझ्यावरून चालू लागल्या. मधेच टेसनं विचारलं, "तुझा भाऊ त्या शाळेत जातो. तू का नाही जात?"

"माझी शाळा आधीच सुरू झाली होती," सेला म्हणाली, "म्हणून." आणि बर्फावरून टेसचा पाय घसरू नये म्हणून तिला आतल्या बाजूला घेतलं.

मित्रांनो, मी म्हातारा पूल. मला नकाशे वाचता येत नाहीत. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कुणीतरी मंडळात बसेल, हातात पेन येईल, रेघ ओढायची वेळ येईल. ती न्यायाची असेल तर जरूर ओढा. फक्त ती उशिरा ओढू नका. मुलं वाट पाहत थांबली तरी त्यांची वर्षं थांबत नाहीत. पेन टेकवण्याआधी एकदा माझ्यासारख्या कुठल्या तरी पुलावर या, जाळीला धरून उभं असलेलं मूल शोधा, आणि ते कितवीत आहे एवढं त्याला विचारा.