फ्रीजची वायर

धाकटा भाऊ जाऊन सात महिने झाले आणि त्याची शिडाची होडी दादाच्या गळ्यात पडली. दादा जुना इलेक्ट्रिशियन. अख्ख्या गावाची वायरिंग केली, पण सख्ख्या भावाच्या होडीवर यायला त्याला कधी सवड झाली नाही. "पुढच्या महिन्यात नक्की," म्हणत त्याने अकरा वर्षं काढली. शेवटी बिचाऱ्या धाकट्याने पुस्तकं वाचून स्वतःच वायरी घातल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला चिठ्ठी बांधली: दिवा, पंप, फ्रीज. फ्रीज मात्र कधी आलाच नाही.

तो आता दादाने आणला, बायकोसाठी. तिच्या इन्सुलिनला गारवा लागायचा आणि पेटीतल्या बर्फाचं दोन दिवसांत पाणी व्हायचं. एकदा तरी होडीतून त्याच्या लाडक्या बेटापर्यंत येईन, असा शब्द तिने दिराला दिला होता. जाऊन-येऊन आठ दिवस. नवरा-बायकोचं ठरलं होतं, फ्रीज चालला तर जायचं. नाही तर सोमवारी गिऱ्हाईक येईल, त्याला होडी देऊन मोकळं व्हायचं.

आज रविवार होता. नव्या बॅटऱ्या बसल्या होत्या, केबिनच्या टपावर सोलर पॅनेल चढलं होतं, तरी फ्रीज रुसलेलाच. मोटर गुरगुरायची आणि गप्प व्हायची. बॅटरीपाशी साडेबारा व्होल्ट. फ्रीजपाशी, मोटर सुरू होताच, जेमतेम दहा; बाकीचे वाटेतच गळत होते.

"मला यातलं काही कळत नाही," बायको म्हणाली, "पण अहो, ही वायर बुटाच्या नाडीएवढी आहे."

"त्याने घातलीय ती," दादा खेकसला.

"दुसऱ्या कुणाच्या घरी अशी ठेवली असतीत?"

दादाला ते शुक्रवारपासूनच कळलं होतं. कळूनही त्याने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं. ती वायर उपटायची म्हणजे धाकट्याचं काम चुकलं म्हणायचं, आणि उलटून भांडायला तो आता नव्हता. दादाला स्वतःची लाज वाटत होती.

अखेर त्याने पक्कड उचलली. जुन्या वायरीचं बॅटरीकडचं टोक सोडवून त्याला नवी जाड वायर घट्ट बांधली. जुनी ओढली की तिच्यामागून नवी आपसूक येते; ही युक्ती धाकट्याला त्यानेच शिकवली होती. बायको केबिनच्या जिन्याखाली बॅटरीपाशी बसून वायर आत सोडू लागली, आणि दादा फ्रीजमागून ओढू लागला.

अर्धी वायर बाहेर आली, तेव्हा तिच्या मधोमध आणखी एक चिठ्ठी निघाली. वरून चिकटपट्टी गुंडाळलेली, अक्षर धाकट्याचं: 'ही नुसती ओढायला टाकलीय. खरी वायर दादा आला की तो घालेल.'

दादा ओढायचं थांबून ती पुन्हा वाचू लागला.

"अहो, अडकली का?" तिकडून बायकोने विचारलं.

"नाही. तू सोडत राहा," तो म्हणाला.

तासाभराने फ्रीज सुरू झाला आणि सुरूच राहिला. संध्याकाळी आतल्या तापमापकाचा काटा चार अंशांवर स्थिरावला, तेव्हा बायकोने इन्सुलिनचा डबा आत ठेवला आणि दार लावून घेतलं. दादाने गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. मग 'फ्रीज' लिहिलेली जुनी चिठ्ठी त्याने नव्या वायरीच्या टोकाला बांधली.

"आलो रे बाबा," तो म्हणाला. "फार उशीर केला मी."