पोळा फुटेना

मागच्या पोळ्याला शेषरावांनी तोरणाखाली झडती म्हटली. झडती म्हणजे सजवलेल्या बैलांपुढे खड्या आवाजात म्हणायचे यमकातले टोमणे. लोकांनी त्यावर 'हर हर महादेव' म्हटलं, की तोरण तुटतं आणि पोळा फुटतो.

पुलाचे नारळ फुटले चार,
तरी नाल्यातूनच बैल पार;
नारळाचं खोबरं खाल्लं कोन?
आमदाराले लावा फोन.

गावाने फोन लावला नाही. आमदारांनीच ठाण्यात लावला. 'दोन गटांत तेढ निर्माण केली' असा गुन्हा दाखल झाला. एक गट आमदार, दुसरा उरलेलं गाव. शेषराव कोठडीत राहून आले. यंदा पोळ्याआधी त्यांच्याकडून बाँडही लिहून घेतला: पुन्हा झडती म्हटली तर थेट अमरावतीचा तुरुंग.

म्हणून यंदा मोर्शीकडच्या या गावात तोरणाखाली बैल होते, गाव होतं, बंदोबस्ताची जीप होती आणि शेषराव गप्प होते. चेहरा बैलासारखा शांत.

बराच वेळ काहीच घडेना. एका बैलाने शेजारच्याची झूल चघळायला घेतली.

"काय अडलं?" ठाणेदारांनी विचारलं. ते वऱ्हाडातलेच, बाळापूरकडचे, पण इथे नुकतेच बदलून आलेले.

"पयल्या झडतीचा मान शेषरावच्या घराचा हाये, साहेब," पोलीस पाटील रामराव म्हणाले. "दुसऱ्यानं म्हटली तं गावात डोके फुटतीन."

"मग म्हणा की, शेषरावभाऊ. साधीशी."

"परवानगी लेखी द्या, साहेब."

"लेखी कशी देणार?"

"मंग आमी उभे हावो."

ठाणेदारांनी घाम पुसला. "बैलाची स्तुती करा ना. त्यात काय गुन्हा?"

शेषराव आज्ञाधारकपणे म्हणाले, "बैल चांगला, पाऊस चांगला, रस्ता चांगला, साहेब चांगला."

एक म्हातारा जांभई देऊन म्हणाला, "हे झडती हाये का सत्काराचं भाषण?"

आरतीचं ताट घेऊन उभी असलेली शेषरावांची बायको माणिकबाई पुढे आली. "अवो, तुरुंगात डबा मी आणीन. पण बैलापुढं असं मिळमिळीत बोलू नका. त्यायले काय वाटन?"

शेषरावांनी बैलाच्या मानेवर हात ठेवला. आवाज खडा लावला.

पोळ्याच्या दिशी बैल मोकळा,
मुसकं धन्याच्या तोंडाले घाला;
बैल पुसे धन्याले, काहून भेते?
मुसक्यातूनबी हंबरता येते!

"हर हर महादेव!" गाव गरजलं. त्यात एक खणखणीत आवाज जीपजवळून आला. ठाणेदारांचा. लहानपणापासूनची सवय, तोंड आधी उघडलं, वर्दी नंतर आठवली. शिपाई साहेबांकडे पाहू लागले. रामराव आभाळाकडे. तेवढ्यात बैलांनी तोरण तोडलं.

संध्याकाळी जीप शेषरावांच्या दारात थांबली. माणिकबाईने चादर गुंडाळून ठेवलीच होती.

"डबा भरू काय?" तिने विचारलं.

"पुरणपोळी असली तर भरा, मावशी. माझ्यासाठी." ठाणेदार ओसरीवर टेकले. "शेषरावभाऊ, अहवालात काय लिहू?"

"खरं लिहा."

"खरं लिहिलं तर साथ देणाऱ्यांत पहिलं नाव माझं येते."

"अक्षर चांगलं काढा मंग."

ठाणेदारांनी थोडा विचार करून लिहिलं: 'पोळा परंपरेप्रमाणे फुटला.' उठताना ते म्हणाले, "बाँड अजून आहे, ध्यानात ठेवा."

"हाये ना," शेषराव बैलाची झूल सोडत म्हणाले. "पोळाबी दरसाल हाये."