पडद्यावरची आपली गल्ली

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे, नाट्यगृहाचा, रंगमंचाच्या मागच्या भिंतीएवढा.

मला एका चित्रकाराने रंगवले. त्याच्या बायकोने कापडाच्या पट्ट्या जोडून मला शिवले. नाटकवाल्यांना माझ्यावर राजवाडा हवा होता. चित्रकार म्हणाला, "राजवाडा कोणी पाहिलाय? मी आपली गल्लीच काढतो." मग त्याने नाट्यगृहासमोरची गल्ली माझ्यावर उतरवली. शिंप्याचे दुकान, दगडी हौद, नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या. पहिल्या प्रयोगाला मी उलगडलो आणि नट बाजूलाच राहिले. लोक एकमेकांना कोपराने ढोसत म्हणाले, "ते बघ, आपलं दार." त्या दिवशीची पहिली टाळी मला मिळाली.

पुढे माझ्यासमोर कितीतरी लग्ने जमली, भांडणे मिटली, चोर पकडले गेले. मग हलके, चकचकीत छापील पडदे आले. मला गुंडाळून माळ्यावर टाकले. तिथे उंदरांनी माझी एक कड कुरतडली. माझी आठवण काढणारे कोणी उरले नाही.

यंदा नाट्यगृहाची दुरुस्ती निघाली. त्याच सुमारास इतिहासाच्या बाई नववीच्या मुलांना घेऊन आल्या. गावातले जुने काहीतरी शोधा, असे त्यांनी सांगितले होते.

"आपल्या गावात जुनं काय असणार? खड्डे," एक मुलगा म्हणाला. सगळे हसले.

तेवढ्यात कामगारांनी मला खाली उतरवले. ठेकेदार म्हणाला, "बाहेर न्या. सिमेंटच्या गोण्या झाकायला होईल."

वर्गात जिला 'चौकशी खिडकी' म्हणत, ती मुलगी पुढे आली. "काका, आत काय आहे ते तरी बघू द्या."

"अगं, धूळ आहे. दुसरं काय असणार?"

तिने एकटीने माझे टोक धरून ओढले. मी जड, जागचा हललो नाही. मग तो खड्डेवाला मुलगा आला, मागोमाग बाकीचेही. शिंकत शिंकत त्यांनी मला उलगडले.

"या पायऱ्यांवर तर मी रोज बसतो," तो मुलगा हळूच म्हणाला.

ठेकेदारही बघत राहिला. "छान आहे. पण माझं सिमेंट भिजलं तर?"

"ताडपत्री आणून दिली तर हा पडदा आम्हाला द्याल?" चौकशी खिडकीने विचारले.

मुलांनी घरोघर हिंडून ताडपत्र्या गोळा केल्या. ठेकेदाराने हात टेकले. "न्या बाबांनो. तुमच्यापुढे कोण बोलणार."

सफाई करताना एकीने ओला फडका लावला आणि माझे आकाश फडक्यावर उतरले. चौकशी खिडकीने चटकन तिला थांबवले. त्यांनी एका संग्रहालयाला फोन करून नीट विचारून घेतले आणि सुट्टीभर मऊ कुंचल्यांनी धूळ झाडली. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना आणून मुले विचारत, हे दार कोणाचं, हौद का बुजवला? शिंप्याची नात, आता स्वतःच आजी झालेली, माझ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. "आमचे आजोबा इथे बसायचे," ती म्हणाली. मुलांनी तिला खुर्ची दिली आणि ती बोलेल तेवढे ऐकले.

मी मोठमोठे नट जवळून पाहिले आहेत. पण या मुलांएवढे कौतुक मला कोणाचेच वाटले नाही. आज मी पुन्हा रंगमंचावर ताठ उभा आहे.

मित्रांनो, तुमच्याही गावात कुठेतरी असे काही धूळ खात पडले असेल. ते एकट्याने उचलवणार नाही, म्हणून परत फिरू नका. एक टोक धरा. दुसरे टोक धरायला कोणीतरी येते. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे.