राणीची जाळी

खुब्याचं हाड मोडल्यावर ताई लेकीकडे राहायला गेली, तेव्हा तिने धाकट्या भावाला एकच काम सांगितलं. "माझी राणी सांभाळ. बाकीच्या माश्या आपलं आपण बघतात."

त्याचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. ताई त्याला ‘काना-मात्रा’ म्हणायची. त्याने मधमाशीपालनाचं पुस्तक आणलं आणि जवळजवळ पाठ केलं. राणीने पेटीच्या वरच्या मजल्यात अंडी घालू नयेत, तिथे निव्वळ मध साठावा, म्हणून मध्ये जाळी बसवायची. कामकरी माश्या फटींतून जातात, अंगाने थोराड राणी खालीच राहते.

दुकानात त्याने तीन जाळ्या मांडायला लावल्या. प्लास्टिकची मध्यभागी वाकत होती. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या कडा बोटाला लागल्या. माश्यांचे पंख फाटले असते. तिसरी गोल तारांची. तिची फटन् फट त्याने मोजली.

"काका, राणीला स्थळ बघताय का?" दुकानदार म्हणाला.

ताईला हे फोनवर सांगितलं तर ती खो-खो हसली. "घेतलीस ना एकदाची? थंडीआधी काढ हं मात्र."

"पुस्तकात आहे ते," तो जरा तोऱ्यातच म्हणाला.

थंडी जवळ आली. आज वारा आहे, उगाच पेटी उघडायला नको. उद्या माश्या चिडल्या तर? आपल्याला जमेल का? असं करता करता एका रात्रीत कडाका पडला.

ऊन परतल्यावर त्याने झाकण काढलं. माश्या मधाच्या मागे वरच्या मजल्यात गेल्या होत्या, ऊब धरून बसल्या होत्या. जाळीखाली राणी मरून पडली होती. सोबत मूठभर माश्या. जाळीने आपलं काम चोख केलं होतं.

"राणी कशी आहे?" ताई दर आठवड्याला विचारायची.

"बरी आहे," तो म्हणायचा.

ताई काठी टेकत परत आली ती थेट मागच्या अंगणात. "उघड रे."

त्याचा हात झाकणावरच राहिला. "ताई, राणी नाही. जाळी काढायची राहिली माझ्याकडून."

तिने काठी पेटीला टेकवून ठेवली. मग म्हणाली, "आणि फोनवर?"

"खोटं बोललो."

"काढली नाहीस, ते एक वेळ समजून घेतलं असतं." ती ओट्यावर बसली. "कळवलं असतंस तर दुसरी राणी आणवली असती मी. वरच्या तरी जगल्या असत्या."

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याने झाकण उचललं. वरच्या मजल्यात पाच-पन्नास माश्या उरल्या होत्या, म्हाताऱ्या, संथ.

ताईने जाळी मागून घेतली, उन्हात धरली, एका तारेवरून बोट फिरवलं.

"निवडलीस मात्र चांगली," ती म्हणाली. तिने एकदा रागावावं म्हणून तो तसाच उभा राहिला. ती रागावली नाही.