दोन जास्तीची बोटं

बाईंना बालवाडीत चौदा वर्षं झाली होती, पण पोराच्या चित्रात घराला दार दिसलं नाही की यांचे हात शिवशिवलेच. मुलं डबे खायला बसली की बाई खडू घेऊन फिरायच्या. इथे एक कान, तिथे एक चाक. आईबाप खूश, मोठ्या बाई खूश. मुलं बिचारी काय बोलणार?

आजही तेच केलं होतं. वस्तीसाठी राबणाऱ्या माणसांना बोलवायचं, मुलांनी स्वतः काढलेली चित्रं द्यायची आणि थँक्यू म्हणायचं, असा बेत होता. पोस्टमन, नर्स, आगीच्या बंबावरचे दोघं आणि कचरागाडीवाले काका चिमुकल्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. काकांनी हातमोजे काढले आणि पाण्याचा पेला उचलला. त्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती.

बाईंनी ती बोटं दोनदा मोजली. वर्गातल्या मुंगी नावाच्या पोरीने काढलेल्या माणसालाही तीनच बोटं होती, आणि डब्याच्या सुट्टीत बाईंनी त्याला आणखी दोन लावून दिली होती. छान गुलाबी, नखांसकट!

ही मुंगी म्हणजे चार महिन्यांत वर्गात एक शब्द न बोललेली पोर. खडू पुढे केला की हात पाठीमागे. गेल्या आठवड्यात मात्र तिने आपणहून हिरवा खडू उचलला आणि तीन दिवस त्या एका माणसावर घालवले. बाईंनी लगेच घरी फोन केला, तर तिची आई फोनवर रडलीच. आणि नेमकं त्याच चित्राला यांनी हात लावला. आता काय म्हणावं या बाईला!

चित्रांच्या गुंडाळ्या करून रिबिनी बांधल्या होत्या. मुंगीची गुंडाळी तिच्या मुठीत होती. आत काय झालंय ते तिला ठाऊक नव्हतं.

बाई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. मोठ्या बाईंचं भाषण चालू होतं, तेवढ्यात त्या रांगेमागून वाकत वाकत मुंगीपाशी पोचल्या.

"दे गं जरा. रिबीन सैल झालीये."

मुंगीने नाही म्हणून मान हलवली.

"अगं, लगेच देते परत."

मूठ काही सुटेना. ओढावं तर कागद फाटायचा.

"बाई, काय चाललंय तिकडे?" मोठ्या बाई माइकवरूनच म्हणाल्या. सगळ्यांच्या माना वळल्या. बाई मुकाट्याने जागेवर आल्या.

पोस्टमनचं झालं. नर्सच्या चित्रात सुई नर्सपेक्षा मोठी निघाली आणि सगळे खो खो हसले. मग काकांचं नाव पुकारलं.

मुंगी त्यांच्यासमोर गेली आणि तिने रिबीन स्वतःच सोडली. कागद उघडला. कागदाकडे पाहिलं, काकांच्या हाताकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

काकांच्या लक्षात आलं. "अरे वा! दोन वर्षं शोधतोय बोटं, तुझ्याकडे होती होय?"

हशा पिकला, टाळ्या पडल्या. झालं, सुटले, असं बाईंना वाटलंसुद्धा. गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं?

"मी नाही काढली," मुंगी म्हणाली. चार महिन्यांतलं पहिलं वाक्य, आणि ते हे. "मी रोज खिडकीत असते. काका टाटा करतात. तीनच आहेत."

"लहान आहे, विसरली असेल," मोठ्या बाई घाईघाईने म्हणाल्या. मुंगीचे ओठ थरथरायला लागले. तेवढं मात्र बाईंना बघवेना.

"ती विसरली नाही," त्या उभ्या राहून म्हणाल्या. आवाज चिरका निघाला. "बोटं मी काढली. सगळ्याच चित्रांत मी हात मारते. तिचं बरोबर होतं. माझं चुकलं."

मागे बसलेल्या पालकांतली एक आई आपल्या पोराच्या हातातलं चित्र घेऊन उलटसुलट करून बघायला लागली. मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. काका खुर्चीवरून उठले आणि सरळ जमिनीवर मांडी घालून बसले.

"दुसरं काढशील?" त्यांनी मुंगीला विचारलं. "मला घाई नाही. गाडी उभी आहे बाहेर."

मुंगीने मान डोलावली. बाईंनी धावत जाऊन कोरा कागद आणि हिरवा खडू आणला. जीव भांड्यात पडला त्यांचा. चला, निभावलं. कौतुकाने त्या शेजारी बसायला वाकल्या.

मुंगीने कागद घेतला आणि बाईंकडे पाठ केली. मग डावा हात कागदाभोवती आडवा घातला, मान खाली घालून काढायला लागली, आणि मधूनच वळून बाईंकडे एकदा बघून घेतलं. काकांना मात्र सगळं दिसत होतं. बाई चार पावलं मागे सरल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.